जुना बेस अ‍ॅम्प घरी दुरुस्त करताना: आधी ऐका, मग उघडा

ऐरोलीतल्या आमच्या घराची गॅलरी खाडीच्या बाजूला आहे. हिवाळ्यात फ्लेमिंगो दिसतात, संध्याकाळी वारा छान येतो, आणि त्याच वाऱ्याने घरातल्या प्रत्येक धातूच्या वस्तूवर डाग पडतात. दाराची कडी, सायकलची साखळी, गिटारच्या केबलची पिन, काहीच सुटत नाही. म्हणूनच ठाणे-कळवा-ऐरोली-वाशी या पट्ट्यातल्या जुन्या बेस गिटारच्या अ‍ॅम्पबद्दल माझं एक मत पक्कं झालंय: बंद पडलेला अ‍ॅम्प बहुतेक वेळा जळालेला नसतो, गंजलेला असतो. मालक मात्र 'आयसी उडाला असेल' असं म्हणत येतो. मेकॅनिकही कधीकधी मान डोलावतो आणि बोर्ड बदलायचा खर्च सांगतो.

हा लेख आहे 30 ते 150 वॅटच्या ट्रान्झिस्टरवाल्या कॉम्बो (स्पीकर आणि इलेक्ट्रॉनिक्स एकाच पेटीत) अ‍ॅम्पसाठी. ऑर्केस्ट्रा मोडला, कॉलेजचा बँड पांगला की जे माळ्यावर जाऊन बसतात, ते. मल्टिमीटर, सोल्डरिंग गन नव्हे तर साधी 25 वॅटची सोल्डरिंग आयर्न, स्क्रूड्रायव्हर आणि थोडा धीर एवढ्यावर त्यातले बरेच उठून बसतात.

कशाला हात लावायचा नाही

व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्पला घरी उघडू नका. ॲम्पेगचा 1969 सालचा एसव्हीटी हे त्यातलं टोकाचं उदाहरण, 300 वॅट आणि आत सुमारे 700 व्होल्ट डीसी. पण छोट्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्येही 400 व्होल्ट सहज असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये साठून राहू शकतात. दुसरा प्रकार म्हणजे अलीकडचे, हातात उचलता येणारे हलके अ‍ॅम्प. त्यात लोखंडी ट्रान्सफॉर्मर नसतो, स्विचिंग पॉवर सप्लाय असतो. आपले 230 व्होल्ट तिथे थेट डीसी होतात, म्हणजे सुमारे 325 व्होल्ट. तेही जाणकाराकडेच द्या.

उचलताना कंबर धरली, तर समजा आत जुना जड ट्रान्सफॉर्मर आहे. हा लेख त्याच्यासाठी.

अमेरिकेहून कोणी आणलेला अ‍ॅम्प असेल तर मागची पट्टी वाचा. 120 व्होल्ट लिहिलं असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या बोर्डला लावायचा नाही. 'एकदा लावून बघू' एवढंच पुरतं, पुढची सगळी दुरुस्ती त्यातूनच निघते.

उघडण्याआधीचा अर्धा तास

हे टप्पे कंटाळवाणे वाटतात म्हणून सगळे गाळतात. शेजारच्या बिल्डिंगमधला एक मुलगा माझ्याकडे अ‍ॅम्प रिक्षातून घेऊन आला होता. "काका, पूर्ण डेड आहे." अ‍ॅम्प ठणठणीत होता. त्याच्या ॲक्टिव्ह बेसमधली 9 व्होल्टची बॅटरी संपली होती. रिक्षाचे पैसे बॅटरीपेक्षा जास्त झाले.

म्हणून आधी बॅटरी, मग दुसरी केबल, मग दुसरा सॉकेट. सॉकेटवर मल्टिमीटर एसीवर ठेवून तीन आकडे घ्या: फेज ते न्यूट्रल 230 च्या आसपास, फेज ते अर्थिंगही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल ते अर्थिंग दोन-चार व्होल्टच्या आत. जुन्या चाळींत आणि काही जुन्या इमारतींत अर्थिंगचं भोक नुसतं शोभेला असतं, आत तार जोडलेलीच नसते. तिथे फेज-अर्थिंगचा आकडा अर्धवट, तरंगता येतो. असा सॉकेट असेल तर अ‍ॅम्पच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. आणि हम (स्पीकरमधली सततची घूं घूं) कमी व्हावा म्हणून प्लगची जाड पिन काढून टाकणारे महाभाग असतात, त्यांचं ऐकू नका. आत कधी फेजची तार बॉडीला लागली तर ते 230 व्होल्ट तारांवरून तुमच्या बोटांत येतील.

आता ऐकण्याची खरी गंमत. अ‍ॅम्प हम करत असेल तर तो 50 हर्ट्झचा आहे की 100 हर्ट्झचा, यावर निदान बरंच ठरतं आणि ते ओळखायचं यंत्र तुमच्या हातातच आहे. बेसच्या ई तारेवरच्या तिसऱ्या पट्टीचा जी 49 हर्ट्झचा असतो. मोकळी जी तार 98 हर्ट्झची. गिटार नीट सुरात लावा आणि हम चालू असताना हे दोन्ही जी आळीपाळीने वाजवा. खालच्या जीशी हमची लाट सेकंदाला एकदा हेलकावली, तर हम 50 चा. मोकळ्या जीशी सेकंदाला दोनदा हेलकावली, तर 100 चा. हमला स्वतःचे वरचे स्वरही असतात, त्यामुळे पहिल्याच फटक्यात कळेल असं नाही. पण पाच मिनिटांत कान बसतो.

100 हर्ट्झ म्हणजे बहुधा पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर थकलेत. रेक्टिफायरनंतर 50 चे 100 होतात आणि ते गाळायचं काम या कपॅसिटरचं असतं. 50 हर्ट्झ म्हणजे हम बाहेरून येतोय: केबलचं शील्ड तुटलंय, अर्थिंगचा लूप झालाय, किंवा गिटारचा पिकअपच (तारांचा आवाज उचलणारा भाग) ट्रान्सफॉर्मरजवळ आहे. गिटार घेऊन जागच्या जागी वळा. दिशा बदलल्यावर हम बदलला, तर अ‍ॅम्प निर्दोष.

शेवटची चाचणी व्हॉल्यूमची. तो शून्यावर आणल्यावर हम किंवा खरखर तशीच राहिली, तर दोष व्हॉल्यूमच्या पुढे, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या पॉवर अ‍ॅम्प किंवा सप्लायमध्ये. आवाजाबरोबर कमी-जास्त झाली, तर दोष मागे, म्हणजे गिटारचा सिग्नल आधी वाढवणाऱ्या प्रीअ‍ॅम्पमध्ये.

एका केबलची जादू

मागच्या बाजूला 'सेंड' आणि 'रिटर्न' असे दोन जॅक असतील तर एक छोटी केबल घेऊन एकातून दुसऱ्यात लावा. मेलेला किंवा मध्येच दम टाकणारा अ‍ॅम्प तेवढ्यावर बोलू लागला, तर दोष सापडला. या जॅकमध्ये एक बारीकशी पत्ती असते. काही लावलेलं नसताना सिग्नल त्या पत्तीवरूनच पुढे जातो. वर्षानुवर्षं जॅक रिकामा राहिला की पत्तीवर काट चढतो आणि सिग्नल तिथेच अडतो. हेडफोनच्या जॅकमध्येही अशीच पत्ती असते, तीच स्पीकरची जोडणी तोडते. माझ्या हातून गेलेल्या 'मधूनच आवाज जातो, थोपटलं की येतो' प्रकारच्या अ‍ॅम्पांत सगळ्यात जास्त वेळा हीच पत्ती निघाली आहे.

जॅक नसेल पण 'प्रीअ‍ॅम्प आउट' किंवा 'लाइन आउट' असेल, तर तिथून दुसऱ्या अ‍ॅम्पला किंवा मिक्सरला जोडा. तिकडे स्वच्छ आवाज आला म्हणजे पुढचा अर्धा भाग दोषी. उलट, फोनचा आवाज बारीक ठेवून 'रिटर्न'मध्ये गाणं सोडलं आणि ते नीट वाजलं, तर पॉवर अ‍ॅम्प आणि स्पीकर दोन्ही ठीक. स्क्रूला हात न लावता संशयातून निम्मा अ‍ॅम्प बाद झाला.

आता उघडा

प्लग भिंतीतून काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, बोर्डातला स्विच कधी न्यूट्रलवरही लावलेला सापडतो. प्लग तुमच्या नजरेसमोर ठेवा, घरात मुलं असतील तर खिशात घालता येईल अशा जागी. अंगठी, घड्याळ काढा.

आतले दोन मोठे कपॅसिटर, लहान डब्याएवढे, साधारण 4700 ते 10,000 मायक्रोफॅरडचे, आधी रिकामे करायचे. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून नाही. 470 ओहम, 5 वॅटचा रेझिस्टर घ्या, त्याला दोन इन्सुलेटेड तारा आणि चिमटे लावा, आणि प्रत्येक कपॅसिटरच्या दोन टोकांना अर्धा मिनिट जोडून ठेवा. मग मल्टिमीटरने मोजा. एक-दोन व्होल्टच्या खाली आल्यावरच बोटं आत.

फोटो काढा. प्रत्येक कनेक्टरचा, दोन कोनांतून. मला सगळं आठवेल असं वाटतं, आणि तिसऱ्या दिवशी काहीही आठवत नाही.

मग सफाई. कोरडा रंगाचा ब्रश आणि मागून व्हॅक्यूमची नळी. धुळीचा थर ओलावा धरून ठेवतो आणि त्यातून गळती होते. झुरळांची अंडी, कोळ्यांची घरं, उंदराने कुरतडलेल्या तारा हे सगळं निघणार याची तयारी ठेवा. कळव्याहून आलेल्या एका अ‍ॅम्पमध्ये पॉवर ट्रान्झिस्टरच्या दोन पायांवर आडवी पडलेली वाळकी पाल निघाली होती. तिने स्वतःसोबत फ्यूजही नेला होता.

पॉट, जॅक, कनेक्टर

फिरवताना खरखर करणाऱ्या पॉटसाठी (व्हॉल्यूम-टोनच्या खुंटीमागचा भाग) कॉन्टॅक्ट क्लीनर आणा, त्यावर इलेक्ट्रॉनिक्ससाठी असं स्पष्ट लिहिलेलं हवं. दाराच्या बिजागरीसाठी वापरतात तो साधा स्प्रे मारू नका, त्याचा तेलकट थर मागे उरतो आणि त्यावर पुन्हा धूळ बसते. पॉटच्या पायांजवळ जी फट असते तिथून थोडंसं मारायचं आणि खुंटी वीस-तीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवायची. धार लावायची गरज नाही. साफ करूनही खरखर तशीच असेल तर बहुधा पॉटमधून डीसी जातोय, म्हणजे त्याच्या आधीचा छोटा कपलिंग कपॅसिटर गळतोय. मग पॉट बदलून उपयोग नाही.

जॅकच्या पत्तीसाठी जाड कागदाची पट्टी क्लीनरमध्ये भिजवून पत्तीखालून ओढा. काळा डाग निघाला की समाधान वाटतं. पॉलिश पेपर वापरू नका, वरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट काट चढतो. बोर्डांमधल्या पट्टीच्या तारा आणि कनेक्टर एकेक करून काढा, पुन्हा घट्ट बसवा. नुसत्या काढण्या-घालण्याने पिना स्वच्छ होतात.

एवढं करून अ‍ॅम्प एकदा लावून बघा. निम्मे अ‍ॅम्प तरी इथेच बरे होतात, असा माझा अंदाज आहे. बाकीच्यांसाठी पुढे चला.

ड्राय सोल्डर

सोल्डरचा जोड तडकणं, हे बेसच्या कॉम्बोचं खास दुखणं. ई तार 41 हर्ट्झला थरथरते, पाच तारांच्या बेसची बी तार 31 ला, आणि ज्या लाकडी पेटीत स्पीकर धडधडतोय त्याच पेटीत बोर्डही लटकलेला असतो. दहा-पंधरा वर्षं हे हादरे खाल्ल्यावर जड भागांच्या पायांभोवतीचं सोल्डर तडकतं. भिंगाखाली पायाभोवती केसाएवढी गोल चीर दिसते. पॉट आणि जॅक, मोठे कपॅसिटर, मोठे पांढरे रेझिस्टर आणि व्होल्टेज रेग्युलेटर, या सगळ्यांचे पाय बघायचे. जिथे वजन किंवा उष्णता, तिथे चीर.

नुसतं वितळवून पुन्हा गोठवू नका. जुनं सोल्डर पंपाने ओढून घ्या, थोडं फ्लक्स लावा, आणि नवं 60/40 सोल्डर भरा. पाय आणि तांबं दोन्ही आधी तापवायचं, मग सोल्डर त्यावर टेकवायचं. आयर्नच्या टोकावर सोल्डर घेऊन ते 'थापायला' गेलात की नवा ड्राय सोल्डर तयार. खिडकी उघडी ठेवा, हात धुवून जेवा, त्यात शिसं असतं.

चीर दिसत नाही पण अ‍ॅम्प थोपटल्यावर बोलतो, अशा वेळी अ‍ॅम्प चालू ठेवून बांबूच्या कोरड्या काडीने एकेक भाग हलकेच दाबत जा. एक हात पाठीमागे. हे एकट्याने घरात कोणी नसताना करू नका.

फ्यूज उडतोय: सिरीज बल्ब

उडालेल्या फ्यूजजागी जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी लावलेले अ‍ॅम्प मी पाहिले आहेत. दहा रुपयांच्या फ्यूजसाठी ट्रान्सफॉर्मर गमावण्याचा हा खात्रीचा मार्ग. फ्यूजच्या टोपीवर जो आकडा आणि अक्षर असेल तेच घ्या. 'टी' म्हणजे सावकाश उडणारा, 'एफ' म्हणजे पटकन. टीच्या जागी एफ लावला तर अ‍ॅम्प चांगला असूनही चालू करताना फ्यूज उडेल.

नवा फ्यूज लावण्याआधी सिरीज बोर्ड बनवा. कुठल्याही इलेक्ट्रिशियनकडे असतो तसाच: फेजच्या तारेत 100 वॅटचा जुना, तारेचा पिवळा बल्ब आणि त्याच्या पुढे सॉकेट. एलईडी चालणार नाही. आता आत कितीही शॉर्ट असला तरी साधारण 0.43 अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाणार नाही. बाकीचा ताण बल्ब घेईल.

स्पीकरची तार काढून ठेवा आणि बल्बमधून अ‍ॅम्प चालू करा. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला स्पीकरशिवाय चालू ठेवलेलं चालतं. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर शॉर्ट नाही. लखलखीतच राहिला, तर आत शॉर्ट आहे. बंद करून, कपॅसिटर रिकामे करून, ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुटचा कनेक्टर काढा आणि पुन्हा बघा. तरीही लखलखीत? ट्रान्सफॉर्मर गेला, आणि त्याचा खर्च परवडेल का हा प्रश्न आला. मंद झाला? मग ब्रिज रेक्टिफायर, कपॅसिटर किंवा पॉवर ट्रान्झिस्टर यांपैकी कोणीतरी.

ब्रिज आणि ट्रान्झिस्टर मल्टिमीटरच्या डायोड मोडवर तपासा. 2एन3055 सारख्या एनपीएन ट्रान्झिस्टरच्या बेस नावाच्या पायावर लाल, आणि एमिटर-कलेक्टरवर आळीपाळीने काळी तार लावली की 0.5 ते 0.7 यायला हवं. कलेक्टर ते एमिटर बीप वाजली, तर तो शॉर्ट. पीएनपी असेल तर तारा उलट. बोर्डावर असताना आकडे फसवू शकतात, म्हणून शंका असेल तो ट्रान्झिस्टर काढून मोजा.

एक गेला असेल तर जोडी बदला, आणि त्यांना चालवणारे छोटे ड्रायव्हर ट्रान्झिस्टर व शेजारचे 0.22 किंवा 0.33 ओहमचे रेझिस्टरही तपासा. घाईत फक्त मोठा ट्रान्झिस्टर बदलून मी एकदा नवी जोडी दोन सेकंदांत उडवली आहे, तीही सिरीज बल्ब न लावता. ट्रान्झिस्टरखालचा अभ्रकाचा पातळ तुकडा आणि पांढरी पेस्ट विसरू नका. बसवल्यावर ट्रान्झिस्टरची धातूची बाजू आणि हीटसिंक यांच्यात बीप वाजता कामा नये. बोर्डावर छोटा ट्रिमर (स्क्रूड्रायव्हरने फिरवायची खुंटी) दिसेल, तो बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरमधून कायम वाहणारा थोडा प्रवाह ठरवणारा. सर्व्हिस मॅन्युअल हाताशी नसेल तर त्याला हात लावू नका.

कपॅसिटर बदलताना व्होल्टेज मूळाइतकं किंवा जास्त, मायक्रोफॅरड तेवढेच, आणि 105 अंशाचे घ्या. प्लस-मायनस उलटं लागलं तर तो फुटतो, आणि त्याचा वास दोन दिवस जात नाही. वरून फुगलेला किंवा तळाशी ओघळ आलेला कपॅसिटर मोजत बसायची गरज नाही.

सामान आणायला लॅमिंग्टन रोडच. पाट्यांवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असतं, पण तसं कोणी म्हणत नाही. ठाण्याहून दादरला उतरून पश्चिम रेल्वेची स्लो गाडी, ग्रँट रोड, पूर्वेकडे बाहेर. रविवार टाळा. पॉवर ट्रान्झिस्टर सगळ्यात स्वस्त दुकानातून घेऊ नका, नकली माल भरपूर आहे. जुना ट्रान्झिस्टर सोबत न्या, आणि नव्यावरची अक्षरं बोटाने घासून पुसली जात असतील तर तिथेच परत द्या. आयसीच्या बाबतीत मात्र 4558 किंवा टीएल072 चार-पाच जास्तीच आणून ठेवा. प्रीअ‍ॅम्पमध्ये बहुतेक वेळा यांपैकीच काहीतरी असतं. त्यांच्या 8 नंबरच्या पायावर साधारण प्लस 15, 4 वर मायनस 15 आणि 1 व 7 वर शून्याच्या जवळ व्होल्ट हवेत. 1 किंवा 7 वर दहा-बारा व्होल्ट अडकलेले दिसले, तर तो आयसी गेला. दोन्ही सप्लायच नसतील तर आयसीला दोष देऊ नका, मागचा रेग्युलेटर बघा.

स्पीकर जोडण्याआधी एक आकडा

हा टप्पा गाळू नका. स्पीकर अजून सुटाच आहे. मल्टिमीटर डीसीवर ठेवून स्पीकरच्या दोन तारांमध्ये मोजा. 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तर छान. 30-40 व्होल्ट असतील तर आउटपुट ट्रान्झिस्टर अजून शॉर्ट आहे, आणि स्पीकर जोडताच कॉइल जळेल.

स्पीकरची परीक्षा सोपी. 8 ओहमचा स्पीकर मल्टिमीटरवर साधारण 5.5 ते 7 दाखवतो, 4 ओहमचा 3 ते 3.5. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला की 'टप' आवाज होऊन कोन हलायला हवा. मग दोन्ही हातांच्या बोटांनी कोन सगळीकडून सारखा दाबा. आत खसखस ऐकू आली तर कॉइल घासतेय, रिकोनिंगशिवाय (कोन आणि कॉइल नवी बसवल्याशिवाय) उपाय नाही. कोनावर बुरशी असेल तर कोरड्या मऊ ब्रशने झाडा, पाण्याचं फडकं नको.

जोडल्यावर ई तारेपासून एकेक पट्टी वर वाजवत जा. ठरावीक एकाच स्वराला फरफर आली, तर ती बहुधा स्पीकरची नसते. हँडलचे स्क्रू, जाळी, मागची फळी, सुटलेला डिंक. माझ्याकडे एकदा ए वाजवला की घणघण यायची. अख्खा अ‍ॅम्प पुन्हा खोलला, आणि शेवटी निघाली स्वयंपाकघरातली स्टीलची मांडणी.

पहिल्या दिवशी अर्धा तास कमी आवाजात वाजवा, दर दहा मिनिटांनी हीटसिंकला हात लावून बघा. कोमट ठीक. हात टेकवत नसेल तर बंद करून बायस जाणकाराला दाखवा.

पावसाळ्यात अ‍ॅम्प बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, जमिनीपासून चार बोटं वर ठेवा, आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू करा. आतली ऊब ओल उडवते. 'सेंड' आणि 'रिटर्न'मध्ये महिन्यातून एकदा पिन घालून काढली तरी पत्ती स्वच्छ राहते. झाकण लावण्याआधी आतल्या बाजूला कागदाची चिठ्ठी चिकटवा: तारीख, काय बदललं, कोणत्या नंबरचं. पाच वर्षांनी तो उघडणारे बहुतेक तुम्हीच असाल.